आंब्याखालच्या सावलीत मोंडो ग्रास

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला एक आंबा आहे. बिल्डरच्याही आधीचा, जुना बंगला पाडला तेव्हा कसाबसा वाचलेला. त्याच्या बुंध्याभोवतीचा दहा बाय बारा फुटांचा तुकडा कायम उघडा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल आणि बाराही महिने कुणाची तरी स्कूटर. मी पोस्टातून रिटायर झाले आणि बागेचं खातं माझ्या गळ्यात पडलं (मीटिंगला उशिरा पोचलं की असंच होतं). पहिल्याच उत्साहात मी तिथे लॉनचे तयार गालिचे आणून अंथरले. पाच महिन्यांत टक्कल पडलं. लॉनवाला म्हणाला, "मॅडम, पाणी कमी पडलं." परत अंथरले, तीन महिन्यांत गेले. तेव्हा म्हणाला, "पाणी जास्त झालं."

पाण्याचा काही संबंध नव्हता, प्रश्न उन्हाचा होता. लॉनच्या गवताला दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन लागतं आणि आंब्याखाली ते मिळत नाही. ही अक्कल सोसायटीचे पैसे दोनदा घालवल्यावर आली. २०२२ च्या मृगात मी तिथे मोंडो ग्रास लावलं, ते अजून आहे. बारा महिने हिरवंगार, कापायची कटकट नाही. कसं लावलं, कुठे चुकलं, ते लिहिते. पुण्यात बहुतेक सोसायट्यांत असा एखादा आंब्याखालचा, नाहीतर दोन इमारतींमधला काळोखा तुकडा असतोच.

नावात ग्रास असलं तरी हे गवत नव्हे. ही शतावरीच्या कुळातली वनस्पती, मूळची जपान, चीन, कोरियाकडची. हिरवीगार, बारीक, वाकलेली पानं, उंची साधारण वीतभर. जमिनीखालून धुमारे सोडत हळूहळू पसरते. शास्त्रीय नाव ऑफिओपोगॉन जॅपोनिकस, आणि त्यातल्या ऑफिओपोगॉनचा ग्रीक भाषेत अर्थ होतो सापाची दाढी. हे मी मीटिंगमध्ये मुद्दाम सांगितलं नाही, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा आक्षेप नेमका हाच होता की झाडी लावली की साप येणार. साप येतो तो उंदरांमागे. आमचे उंदीर कचऱ्याच्या डब्यापाशी होते, तिथे आधी झाकण बसवून घेतलं. शिवाय भिंतीलगत वीतभर पट्टा मोकळा सोडला, तेव्हा काकूंनी सही केली.

लावण्याआधी उजेड बघा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला त्या जागी जाऊन उभं राहायचं आणि चष्मा लावून वर्तमानपत्र वाचता येतंय का ते बघायचं. वाचता आलं तर मोंडो जगतं. अधूनमधून पानांतून कवडसे पडत असतील तर छानच. अगदी अंधाऱ्या बोळातही ते मरत नाही, पण वाढीचा वेग इतका मंद की कमिटी बदलेपर्यंत जमीन भरायची नाही. उलट पश्चिमेचं दुपारचं ऊन थेट येत असेल, तर मे महिन्यात पानांची टोकं करपून तपकिरी होतात. आमच्या तुकड्याचा एक कोपरा तसा आहे, तिथे मी नाद सोडून दिला आणि मोठी कुंडी ठेवली.

खरेदीच्या वेळी डोळे उघडे ठेवा. नर्सरीत 'मोंडो' म्हणून तीन-चार वेगळ्या गोष्टी देतात. पान जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असेल तर ते मोंडो. करंगळीएवढं रुंद, जाडसर पान आणि पानांच्या वर उभा राहणारा जांभळ्या फुलांचा तुरा दिसला तर ते लिरिओपी. वाईट नाही ते, पण अंगानं मोठं आणि गालिच्यासारखं दिसत नाही. मोंडोची फुलं बारीक, पांढुरकी, पानांतच लपलेली असतात, वाकून पाहिलं तरच दिसतात. बुटकी जातही मिळते, ती चार बोटं उंचीची, दिसायला फार गोड, पण वाढायला त्याहून मंद. फरश्यांच्या फटीत भरायला ती घ्या, सबंध तुकड्याला नको. काळ्या पानांचं मोंडो मी हौसेनं एक आणलं होतं. आमच्या उन्हाळ्यात ते झिजत झिजत गेलं.

आता हिशेब. सहा-सहा इंचांवर लावलं तर चौरस फुटात चार ठोंब बसतात. १२० चौरस फुटांना ४८० ठोंब. ४८० पिशव्या घ्या असं तुम्हाला सांगतील, मलाही सांगितलं होतं. मी ७० घेतल्या. पिशवी उलटी करून बघायची: आत सहा-सात चुड्या (म्हणजे मुळांसकट सुटणारे, लावायचे छोटे जुडगे) करता येतील असं भरलेलं रोप असेल तीच निवडायची. मुळं पिशवीच्या भोकांतून बाहेर डोकावत असतील तर उत्तम, ते रोप जुनं आणि भरलेलं. पिवळट पानांची आणि बुडाशी मऊ पडलेली पिशवी कितीही स्वस्त दिली तरी नको.

सगळ्यात जास्त कष्ट मातीचे. सोसायटीची माती म्हणजे माती नसतेच, तो बिल्डरनं पुरलेला राडारोडा असतो. आम्ही कुदळ मारली की विटेचा तुकडा, परत मारली की टाइल, एकदा आख्खी वायरची गुंडाळी निघाली. ते सगळं काढा. आणि त्याहून महत्त्वाचं, लव्हाळा हे चिवट तण काढा. मी पहिल्यांदा इथेच आळस केला. लव्हाळ्याची पात वरून उपटून काही होत नाही. खाली काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी दोऱ्यानं जोडलेली, जपमाळेसारख्या. ती माळ सबंध ओढून काढावी लागते. मोंडो एकदा लागलं की त्यातून लव्हाळा निवडणं म्हणजे तांदळातून पांढरे खडे निवडणं, कारण दोघांची पात लांबून सारखीच दिसते. त्यामुळे खणून झालं की लगेच लावू नका. माती चाळा, पाणी मारा, पंधरा दिवस तशीच ठेवा. लपलेल्या गाठींना कोंब फुटतात, ते खुरप्यानं मुळासकट काढा, मग परत पंधरा दिवस. मे महिन्यात हे उरकलं की मृगाला जागा तयार.

झाडाखाली खणताना हात आवरता घ्यायचा. आंब्याची पोसणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती सरसकट तोडली तर आंबा रुसतो. मुळं दिसली तिथे आम्ही चारच इंच उकरलं, मोकळ्या जागी आठ. बुंध्याभोवती दीड-दोन फूट जागा तशीच सोडली. बुंध्याला माती चढवायची नाही, साल ओली राहून कुजते. माळीमामा मातीचा छान गोल कट्टा करायच्या तयारीत होते. दिसतो सुरेख, पण झाडाच्या मुळावर येतो. त्यांना चहा पाजून परावृत्त केलं.

माती भरताना दोन घमेली पोयट्याची लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं बारीक मुरूम, असं मिश्रण केलं. मुरूम निचऱ्यासाठी. मोंडोला ओल आवडते पण पाण्यात उभं राहणं मानवत नाही. निचरा तपासायचा असेल तर वीतभर खड्डा करून पाण्यानं भरा. अर्ध्या तासानंतरही पाणी तसंच असेल तर अजून मुरूम घाला, नाहीतर जागेला थोडा उतार द्या. शेणखत कच्चं घेऊ नका, त्यातून हुमणी येते. आमच्याकडे ती आली. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका जागी पानं पिवळी पडली म्हणून धरून बघितलं, तर डोक्यावरचा टोप उचलावा तसा ठोंब अलगद हातात आला. खाली मूळच नाही. मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या जाड अळ्या. हातानं वेचून काढल्या, सत्तावीस मोजल्या मी. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी ओळींमधून मूठ-मूठ निंबोळी पेंड टाकते.

आता ठोंब फोडणं. ज्यांनी गवती चहा फोडलाय त्यांना हे येतंच. मी जिन्याच्या कट्ट्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, शेजारी पाण्याची बादली. पिशवी ब्लेडनं उभी चिरायची आणि मातीचा गड्डा बादलीत बुडवायचा. बुडबुडे येतात. ते थांबले की गड्डा भिजला. मग हातानं हलवून माती सोडवायची. मुळं मोकळी झाली की त्यांना ठिकठिकाणी पांढऱ्या, शेंगदाण्याएवढ्या गाठी दिसतील. मी पहिल्यांदा रोग समजून त्या तोडायला निघाले होते. तो झाडाचा डबा आहे, पाण्याचा आणि अन्नाचा, राहू द्या. चीनमध्ये त्या वाळवून औषधात वापरतात, पण तुम्ही तसलं काही करू नका, नर्सरीत काय काय फवारलेलं असतं देव जाणे. नुसती गाठ लावून रोपही येत नाही, वर पानांचा बुडखा असावा लागतो.

बुडखे नीट बघितले की कुठून सुटतील ते कळतं. दोन्ही अंगठे आत घालून केळ्याची फणी वेगळी करावी तसं फाकवायचं. कट्कन् आवाज येतो, तो चांगला. फारच जुनं, घट्ट असेल तर भाजीची जुनी सुरी घ्या. एका चुडीत तीन ते चार फुटवे ठेवा. एकेरी फुटवाही जगतो, पण तो इतका सावकाश भरतो की बघून आपल्यालाच वय जाणवतं. मुळं तीन इंचांवर कापा, पानं निम्मी छाटा. पानं छाटताना जीव होत नाही, मला ठाऊक आहे, पण तोडलेल्या मुळांना तेवढी पानं पोसता येत नाहीत, टोकं वाळतात. फोडलेल्या चुड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या आणि त्याच दिवशी लावायच्या. माझ्या ७० पिशव्यांच्या ४९६ चुड्या झाल्या. दोन दिवस लागले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलींना आइस्क्रीम.

लावताना सरळ रांगा नकोत. पत्त्यातली पंजी असते ना, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, तसं लावा, म्हणजे मोकळ्या जागा लवकर झाकल्या जातात. खोली हा एकच मुद्दा जिवावरचा. पानांचा पांढरा बुडखा मातीच्या बरोबर पातळीवर पाहिजे. मी पहिल्या ओळीला, पक्कं बसू दे म्हणून, इंचभर खाली दाबलं. नंतर आठ दिवस झड लागली आणि ती ओळ बुडख्यातच कुजली. पान ओढलं की नुसतं निसटून हातात यायचं, वास येणारं. उरलेल्या सगळ्यांभोवतीची माती मी पावसात बसून चमच्यानं उकरली. लावून झालं की अंगठ्यानं चारी बाजूंनी माती दाबा आणि एक पान हलकेच ओढून बघा. चुडी हलली नाही म्हणजे बसली.

जिथून लोक जाणारच, तिथे त्यांना वाट द्या. मोंडोवर कधीमधी पाय पडला तर चालतो, रोजची ये-जा चालत नाही. आम्ही शहाबादीचे तुकडे पावला-पावलावर बसवले, मधे तीन-तीन इंच फट सोडून, आणि त्या फटींत बुटकी जात भरली. बोर्ड लावून काही उपयोग झाला नसता.

पहिले तीन महिने दोन शत्रू. पहिलं मांजर. भुसभुशीत, ओली, सावलीतली माती म्हणजे त्यांना फाइव्ह स्टार संडास. रोज सकाळी दहा-बारा चुड्या उकरून बाजूला फेकलेल्या. बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या आडव्या-तिडव्या पसरल्या, दोन दिवसांत बंद. पुढे मोंडो दाटलं की मांजरं आपोआप दुसरीकडे जातात. दुसरा शत्रू म्हणजे आपली अधीरता. पहिल्या वर्षी वर काही घडत नाही. खरंच नाही. सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं की हे प्लास्टिकचं आहे का. सगळं काम जमिनीखाली चालू असतं. दुसऱ्या पावसाळ्यात दोन ठोंबांच्या मधून सुईसारखी नवी टोकं वर येतात, आणि तिसऱ्यात माती दिसेनाशी होते. या काळात कुणी दयाबुद्धीनं युरिया टाकला तर त्याचा हात धरा. आमच्याकडे टाकला गेला. पानं लुसलुशीत होऊन आडवी पडली आणि बुडाशी सडली. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, चाळलेलं गांडूळखत ओळींमध्ये पेरायचं. बुडख्यावर नाही, ओळींमध्ये. बास.

आता पाणी. रोपं लावल्यावर महिनाभर, पाऊस नसेल त्या दिवशी रोज. नंतर बोट मातीत दोन पेरं घालायचं आणि कोरडं लागलं तरच द्यायचं. आमच्याकडे हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरतं, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात. करपणं उन्हातलं नसून सावलीतही होतंय, म्हणजे पाणीच. अशा वेळी महिन्यातून एकदा टाकीतलं गोडं पाणी भरपूर द्यायचं, म्हणजे क्षार खाली धुऊन जातात.

आंब्याखाली लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खाली पडतो. पहिल्या जानेवारीत माझं मोंडो आधी चकचकीत दिसायला लागलं. मी खूश. आठवड्यानं ते काळं पडलं, काजळी धरल्यासारखं. पानाला बोट लावलं तर बोट चिकटलं. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. पान ती खात नाही, फक्त उजेड अडवते, पण सावलीतल्या झाडाला तेवढाच उजेड असतो. झाडाखालच्या स्कूटरच्या सीटही तशाच चिकट झाल्या होत्या, तेव्हा उलगडा झाला. आता मोहोराच्या दिवसांत दर तीन-चार दिवसांनी सकाळी पाइपनं पानं धुते. सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत बुडखे कोरडे होतात. काजळी धरलीच असेल तर बादलीभर पाण्यात दोन चमचे साधा साबण घालून फडक्यानं पुसायची आणि स्वच्छ पाण्यानं धुवायची.

आंब्याची जाड पानं वाळून पडतात, तीही वेचा. मोंडोवर ती पापडासारखी बसतात आणि खालचं झाकून टाकतात. खराटा मारला तर चुड्या उपटतात, म्हणून हातानं किंवा प्लास्टिकच्या पंज्यानं काढा.

पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. शंखी गोगलगायी दिवसा मोंडोच्या गारव्यात लपतात आणि रात्री शेजारच्या कुंड्यांवर जातात. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही, एका रात्रीत झेंडूची रोपं साफ. हातमोजे घालूनच उचला, नुसत्या हातानं नको, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. जमिनीवर मीठ फेकू नका, गोगलगायीबरोबर मोंडोही जाईल. विषारी गोळ्या आम्ही वापरत नाही, सोसायटीत दोन कुत्री आहेत.

छाटणी जवळजवळ नाहीच. फारच झिपरं झालं तर मेच्या शेवटी कात्रीनं तीन इंचांवर आणायचं, बुडख्याला धक्का न लावता. पावसाबरोबर नवी पानं येतात.

काही जण विचारतात, एवढी वाट कशाला पाहायची, वेडेलिया लावा की, महिन्यात पसरतं. पसरतं खरं, पण त्याला ऊन हवं, आणि एकदा मोकाट सुटलं की आवरत नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. मनी प्लांट जमिनीवर छान दिसतो, पण आंब्याचा बुंधा सापडला की वर चढतो आणि ताटाएवढी पानं काढतो. झेब्रिना जांभळी, देखणी, मात्र आमच्याकडे पहिल्या सलग पावसात तिचा चिखल झाला.

तिसऱ्या पावसाळ्यात माझं मोंडो इतकं दाटलं की ठोंब एकमेकांना उचलायला लागले. तेव्हा एक सोडून एक ठोंब फोडला आणि बोअरच्या खोलीमागचा पट्टा फुकटात भरला. तरीही घमेलंभर चुड्या उरल्या. त्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत घालून जिन्याखाली ठेवल्यात, ज्याला हव्यात त्यानं न्याव्यात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चार नेल्या, पाचवी पिशवी गळत होती म्हणून परत आणून दिली.